तीन शिट्ट्यांचं पाणी

तुरीची डाळ खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, यंत्रं तर आजकाल माणसांहून सफाईने बोलतात. पण डाळ शिजली तर शिजली, नाही तर कुकरच्या तळाशी खड्यांसारखी पडून राहते आणि वाढणारीचं नाक कापते. पस्तीस वर्षं चुलीपुढे काढलेली बाई हे सांगतेय, तेव्हा ऐकून घ्या.

मी सुगला कोरे, मूळची बार्शीची. हे गेल्यावर मुलाने, सिद्धरामने, मला आपल्याकडे आणलं. आपल्याकडे म्हणजे कुठे, तर जैसलमेरच्या पुढे दोन तास. नजर पोचेल तिथवर वाळूवर सौरपट्ट्या मांडल्यात आणि त्यांच्या मधोमध दोनशे घरांची वसाहत आहे. पट्ट्यांवरची धूळ यंत्रमानव पुसतात, आणि यंत्रमानव बिघडले की सिद्धू त्यांना पुसतो. आपल्याकडची तीसएक माणसं तिथे कामाला होती, एकटी राहणारी, कॅन्टीनच्या जेवणाला विटलेली. मी महिनाभर हातावर हात ठेवून बसले आणि मग खानावळ काढली. बसून खाणं आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बार्शीत तीन शिट्ट्यांत डाळीचं लोणी व्हायचं. इथे तीन झाल्या, पाच झाल्या, सात झाल्या. झाकण काढलं तर वर पाणी आणि खाली दाणे, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. मला वाटलं दुकानदाराने जुनी डाळ गळ्यात मारली. मी जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडले, दुसरी डाळ आणली, तीही तशीच. शेवटी दूध घालायला येणाऱ्या भंवरीने नळाकडे बोट केलं. भंवरीची ढाणी, म्हणजे दोन झोपड्या आणि चार गाई, वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. ती म्हणाली, या पाण्यात दगड शिजेल पण तूर शिजणार नाही, म्हणून तर आमच्याकडे कुणी ती रांधत नाही.

नुसती डाळ असती तर मी मुगावर भागवलं असतं. पण त्या पाण्याने साऱ्या संसारालाच धरलं होतं. साबणाला फेस नाही, चहावर साय नसताना तवंग, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, गीझरची सळई दर चार महिन्यांनी बदलायची. केस धुतले की काथ्याची दोरी. आंघोळ करून बाहेर आलं तरी अंगाला पिठाचा हात लागल्यासारखं वाटायचं.

त्यावर उपाय नव्हता असं नाही. पुढे कंपनीने घरोघर मिठाची यंत्रं दिली. त्यातले बारीक मणी पाण्यातला दगड धरून ठेवतात, आणि मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुवायचे. धुतलेलं खारट पाणी मागच्या गटारात. दोनशे घरांचं ते गटार जाऊन मिळायचं कुठे, तर भंवरीच्या शेताच्या कडेला. तिथे तिची खेजडी होती, आपण जिला शमी म्हणतो ती. झाड एका बाजूने वाळत चाललं होतं. भंवरी कधी चकार शब्द बोलली नाही, पण दुधाची किटली ठेवताना दर वेळी त्या गटाराकडे बघायची. मला ते बघणं लागायचं, म्हणून आमच्या घरचं यंत्र मी बंदच ठेवलं होतं.

आता सुनेबद्दल सांगते. ओवी गुहागरकडची. जोधपूरच्या एका संशोधन संस्थेत पाण्यावर काम करायची, तिथेच सिद्धूशी ओळख झाली आणि दोघांनी परस्पर लग्न नोंदवून मला फोन केला. मुलगी हुशार, गोरीगोमटी, पण मासे खाणारी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलेलं नाही. मी चार दिवस तोंड फुगवलं आणि मग गिळलं. वर्षभराने तिने दुधाच्या कॅनएवढं एक यंत्र स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि सांगितलं, आई, ह्याचं नाव शिंपला. म्हटलं झालं, आता पाण्यातसुद्धा मासळी. तीन दिवस मी भंवरीकडच्या टाक्यातलं पावसाचं पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी तिने मला ओट्यापाशी खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. पोरीला समजावता छान येतं, ते कबूल करायला हवं. म्हणाली, पाऊस चुनखडीच्या दगडातून झिरपतो आणि हजारो वर्षं जमिनीत पडून राहतो, तेव्हा दगडातलं कॅल्शियम त्यात विरघळतं. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. डाळीचे कण ज्या चिकट पदार्थाने एकमेकांना धरून असतात तो शिजताना सुटायला हवा. हे कॅल्शियम तिथे जाऊन त्याला उलट टाके घालतं, म्हणून डाळ फुटत नाही. साबणालाही तेच धरून बसतं, म्हणून फेस येत नाही.

मग ती खाडीतल्या तिसऱ्यांवर आली. तिसरी म्हणजे शिंपल्यातला जीव. जो चुना आपल्याला नकोसा, तोच तिला हवा असतो. ती पाण्यातून तो उचलते आणि आपलं घर बांधते. भट्टी नाही, मीठ नाही, वीज नाही. तिच्या अंगातलं एक प्रथिन पाण्यातल्या चुन्याला जागा दाखवतं, इथे येऊन बस म्हणून. ओवीने सहा वर्षं खपून तसंच प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलं होतं, पाव फुगवायला घालतात त्या यीस्टकडून. ते तिने धाग्यांवर चढवलं आणि त्या धाग्यांची जाळी कॅनमध्ये बसवली. खालून जड पाणी शिरतं, दगड धाग्यांवर बसतो, वरून हलकं पाणी बाहेर पडतं. गटारात काहीच जात नाही. एकही तिसरी मेलेली नाही, आई, असं ती वर म्हणाली. पाव मी खाते, तेव्हा मुद्दा संपला.

त्या दिवशी मी डाळ लावली. तीन शिट्ट्या. झाकण काढलं आणि पळी फिरवली तर डाळ गरगटली, बार्शीला व्हायची तशी. मी एकटीच होते ओट्यापाशी, आणि मला यांची इतकी आठवण आली की डोळ्याला पदर लावावा लागला.

पण खरी कसोटी पुढे होती. वसाहतीतल्या बारा घरांत असे शिंपले बसवले होते, आणि शंभर दिवसांची परीक्षा ठरली होती. प्रत्येक यंत्राच्या झाकणाला सील. शंभर दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. शंभराव्या दिवशी सरकारी परीक्षक येणार, पाणी तपासणार. पाणी हलकं निघालं तर वाळवंटातल्या चारशे गावांत घरोघर शिंपला जाणार. नाही निघालं तर संस्था ओवीचं काम बंद करणार आणि त्या चारशे गावांत मिठाची यंत्रं बसणार. चारशे गावं, आणि प्रत्येक गावात एक तरी भंवरी असणारच. ओवी हे सगळं जेवताना सांगायची आणि घास तसाच हातात राहायचा.

सत्तर दिवस दृष्ट लागावी असे गेले. एकाहत्तराव्या दिवशी डाळीला चौथी शिट्टी लागली. मी म्हटलं, असेल, कुकरची रिंग सैल झाली असेल. रिंग बदलली. ब्याऐंशीव्या दिवशी पाच लागल्या. तेव्हा मात्र मी ओवीला सांगितलं, की पोरी, तुझं पाणी जड व्हायला लागलंय. तिने मला यंत्राच्या अंगावरचा आकडा दाखवला. पहिल्या दिवशी साठ होता, म्हणजे हलकं पाणी, आजही साठ. आतली कांडी क्षणाक्षणाला पाणी मोजते, म्हणाली. मी म्हटलं, कांडी जेवते का? यावर ती हसली, आणि हसत हसत म्हणाली, तुमची डाळ जुनी असेल, आई.

माझी डाळ जुनी! ज्या वाक्याने मी दुकानदाराची खरडपट्टी काढली होती, तेच वाक्य सुनेने माझ्या तोंडावर मारलं. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे काय समजायचं ते सिद्धूला कळतं. तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

त्यातच नवरात्र आलं. एक्याण्णवाव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी घरातलं ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं घासूनपुसून देवापुढे मांडतात. विळी, सुरी, कुकर, काटा, सिद्धूचे पाने आणि पेचकस. ओवी आदल्या दिवशीच जोधपूरला बैठकीला गेली होती, सिद्धू सकाळी कामावर. मी तांब्यापितळेची भांडी घासायला मोठ्या पातेल्यात चिंच कोळून ठेवली होती. सगळं मांडून झालं आणि माझं लक्ष शिंपल्याकडे गेलं. म्हटलं, राग आपला सुनेवर, यंत्रावर कशाला? ज्या पाण्यावर खानावळ चालते ते यंत्र पूजेत नको होय? आणि पूजेत मांडायचं तर मळकट कसं मांडायचं? सासरी पहिल्या वर्षी विळीचं पातं न घासता मांडलं म्हणून सासूबाईंनी मला पूजा परत करायला लावली होती.

सील मला दिसलं नाही असं मी सांगणार नाही. दिसलं. पण खंडेनवमीला कुलूपसुद्धा काढून घासतात, असं मी मनाशी म्हटलं आणि सुरीने ते कापलं.

झाकण उघडून जाळी बाहेर काढली, तर धागे कुठले दिसतायत? पांढऱ्या पापुद्र्याने सगळं लिंपून गेलेलं, नळाच्या दाढीसारखंच. म्हटलं, हात्तिच्या, म्हणून पाच शिट्ट्या. जाळी चिंचेच्या कोमट पाण्यात बुडवली तशी ती बारीक फसफसली. चार तास भिजू दिली, मग नारळाच्या शेंडीच्या किशीने हलक्या हाताने चोळली. धागे असे निघाले की नवी पैठणी. स्वच्छ धुतली, परत बसवली, झाकणाला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूची माळ घातली. आणि सुनेला आता दाखवते, अशा तोऱ्यात बसले.

ओवी चारला आली. माळ बघून हसली. मग तिची नजर कापलेल्या सीलवर गेली. झाकण काढून तिने आत पाहिलं, पातेल्यातलं चिंचेचं पाणी पाहिलं, आणि खाली बसली.

"आई, ही सहा वर्षं होती," ती म्हणाली. "तुम्ही चिंचेने घासून टाकलीत."

तिने सांगितलं की प्रयोगशाळेत असा थर काढायला त्यांनी तीन प्रकारची आम्लं वापरून पाहिली होती. थरासकट प्रथिनही निघून जातं, नुसता धागा उरतो. म्हणून तर सील. सिद्धू आला, त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि हातातली पेटी खाली ठेवायलाही विसरला. त्या दिवशी मला माझ्या हातांची लाज वाटली. करायला गेले पूजा आणि पोरीच्या पायावर धोंडा घातला. दसऱ्याला सोनं म्हणून भंवरीने खेजडीची पानं आणून दिली, ती मी ओवीच्या हातात ठेवू शकले नाही. तिच्या टेबलावर ठेवून आले.

दसऱ्याच्या दुपारी खानावळीची डाळ लावली. मन ठिकाणावर नव्हतं, सवयीने कान तेवढा शिट्टीकडे. तीन झाल्या आणि मला वास आला. शिजलेल्या डाळीचा वास कच्च्या डाळीहून वेगळा असतो, तो मला झोपेतही कळेल. गॅस बंद केला, झाकण निघेपर्यंत देवाचं नाव घेत उभी राहिले. डाळ गरगटलेली होती.

आमच्यात अबोला होता. बोलायचं कसं? मी तिच्यापुढे वाटीभर वरण ठेवलं, वर तूप घातलं आणि बाजूला झाले. तिने एक घास घेतला. दुसरा घेताना तिचा हात थांबला.

"किती शिट्ट्या?"

"तीन."

ती वाटी तशीच टाकून उठली. खणातून साबणाच्या द्रावणाची बाटली काढली; पाण्यात चार थेंब टाकून हलवायचं, फेस टिकला तर पाणी हलकं, इतकी साधी जुनी तपासणी. आमच्या शिंपल्याचं पाणी हलवलं तर बाटलीभर फेस. मग ती बाकीच्या अकरा घरांत गेली, मी मागोमाग. अकराच्या अकरा ठिकाणी थेंब पडले आणि दह्यासारखे फाटले. फेस औषधालाही नाही. आणि प्रत्येक यंत्रावर आकडा ऐटीत साठ.

घरी येऊन तिने आमच्या यंत्रातली मोजणारी कांडी काढली. तिच्यावरही तोच पांढरा थर. दगडाने कांडीलाही गिळलं होतं, आणि कांडी पाण्याऐवजी स्वतःच्या अंगावरचा थरच मोजत बसली होती. ओवीने ती कांडी माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, डाळ जुनी नव्हती, आई. मी म्हटलं, जाऊ दे. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचे दोन दिवस तिने चिंचेचा पिच्छा पुरवला. तिच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. प्रयोगशाळेतली आम्लं दगडाबरोबर प्रथिनही ओरबाडून नेत होती. चिंचेचं आम्ल सौम्य, ते दगड हळूहळू खातं. आणि चिंचेचा तो बुळबुळीत गर धाग्याभोवती चढून बसतो आणि प्रथिनाला धरून ठेवतो. नुसतं आम्ल नको होतं, गरासकट अख्खी चिंच हवी होती. वर मी घासलं होतं किशीने. तारेचा घासणा वापरला असता तर खरोखरच सहा वर्षं गेली असती. माझ्या सासूबाई तांब्याला तार लावू द्यायच्या नाहीत, त्यांचे उपकार.

आता प्रश्न होता परीक्षेचा. आठवडा उरला होता. अकरा यंत्रं तुंबलेली, आणि बाराव्याचं सील मी कापलेलं. सिद्धूने सरळ हिशोब मांडला. रात्र कशाला, भर दुपारी अकरा जाळ्या चिंचेत घालू, त्याच्याकडे तसलीच सीलं आहेत, परत लावून टाकू, शंभराव्या दिवशी सगळीकडे फेसच फेस. खोटं सांगत नाही, मीसुद्धा चिंच भिजत घालायला उठले होते. चारशे गावांचा प्रश्न होता, भंवरीच्या झाडाचा होता, आणि मुख्य म्हणजे चूक माझी होती.

ओवीने मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, लपवून पास झालो तर चारशे गावांत यंत्रं जातील आणि नव्वदाव्या दिवशी सगळीकडे तुंबतील. आकडा साठच दाखवेल, आणि चिंचेचं कुणाला माहीतच नसेल. मग लोक त्यांना शिव्या घालतील आणि मिठाकडे वळतील. "नापास झाले तर होईन," ती म्हणाली, "पण खरं सांगून."

लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की ही मुलगी माझ्या घरात शोभते. ते मी बोलून दाखवलं नाही, जास्तीचं तूप वाढलं.

शंभराव्या दिवशी परीक्षक आले. माथुरसाहेब, साठीचे, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. आपोआप चालणारी गाडी दाराशी उभी राहिली आणि ते बाटल्यांची पेटी घेऊन घरोघर हिंडले. अकरा घरांत पाणी जड. सात नंबरला, म्हणजे आमच्याकडे, फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला. त्यांनी भुवया उंचावल्या, वाकून झाकण पाहिलं आणि ओवीकडे वळून विचारलं, सील कुठे आहे?

ओवी तोंड उघडणार तेवढ्यात मी पुढे झाले. माझं हिंदी बार्शी वळणाचं, पण त्या दिवशी ते अडलं नाही. सांगितलं, सील मी कापलं, सुरीने, पूजेसाठी, आणि जाळी चिंचेने घासली. सुनेला माहीत नव्हतं, तिने मला रागावून घेतलं, ते बरोबर होतं. मग सगळं सांगितलं, चार शिट्ट्या, पाच शिट्ट्या, कांडीवरचा थर. ओवीने तिच्या नोंदी पुढे ठेवल्या. माथुरसाहेबांनी त्या पानन् पान वाचल्या. शेवटी म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण नियमाने अकरा नापास आणि एक बाद. आणि पेटी बंद करायला लागले.

सहा वर्षं पेटीत बंद होत होती आणि मी तिथे उभी होते. मी म्हटलं, साहेब, बारा वाजून गेले. माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, आणि तुम्ही पहिले होणार नाही. जेवून जा. माणूस शहरातला, तीन दिवस वाळवंटात बिस्किटांवर होता. तो बसला.

मी त्याला बसवलं आणि मागच्या दाराने भंवरीला खूण केली. ती अकरा घरांत निरोप देऊन आली. नापास झालेले शिंपले आता कुणाच्याच परीक्षेत नव्हते, त्यांना हात लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पंधरा मिनिटांत अकरा घरच्या अकरा बाया आपापली जाळी घेऊन माझ्या अंगणात. पाच जणी आपल्याकडच्या, बाकीच्या कुठल्या कुठल्या, कुणी ओडिशाची, कुणी तमिळ. चिंच काय चीज आहे हे कुणालाच शिकवावं लागलं नाही. तमिळ बाईने तर घरून स्वतःची आणली, माझ्या चिंचेकडे नाक मुरडून. पातेली मांडली, जाळ्या बुडवल्या, अंगणभर बारीक फसफस सुरू झाली.

माथुरसाहेब भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी जेवले. आमटी दोनदा घेतली. हात धुवायला बाहेर आले तर हा देखावा. मी म्हटलं, चार तास लागतील, तोवर पडा जरा. ते पडले नाहीत. खुर्ची घेऊन अंगणात बसले, घड्याळ लावलं, आणि चार तास जाळ्यांकडे बघत राहिले. अधूनमधून उठून चिंचेचं पाणी बाटलीत भरून घेत होते. ओवी त्यांच्या शेजारी उभी, नखं खात. मला तिच्या हातावर चापट मारावीशी वाटत होती.

साडेपाचला जाळ्या परत बसल्या. साहेब बाटल्या घेऊन निघाले आणि आम्ही सगळ्याजणी मागून, देवीच्या पालखीमागे निघावं तशा. पहिल्या घरी थेंब टाकले, बाटली हलवली. फेस. दुसऱ्या घरी फेस. पाचव्या घरापासून ओडिशाची बाई बाटली हलवायच्या आधीच टाळ्या वाजवायला लागली. अकराव्या घरी साहेबांनी बाटली ओवीच्या हातात दिली आणि म्हणाले, ही तुम्ही हलवा. तिने हलवली, फेस उतू जाऊन तिच्या मनगटावरून ओघळला, आणि ती माझ्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. आमच्या मागे बाया एकमेकींच्या पाठी थोपटत होत्या.

नियम नियमच राहिला. साहेबांनी "नापास" असंच लिहिलं, पण खाली दोन पानं जोडली आणि पुन्हा शंभर दिवसांची परीक्षा लावली, मधे चिंचेच्या एका धुण्यासकट. शंभर दिवसांनी बाराच्या बारा घरांत फेस आला, आणि चारशे गावांआधी आमच्या वसाहतीत घरोघर शिंपले बसले. मिठाची यंत्रं वसाहतीतून ट्रकात भरून गेली त्या दिवशी भंवरीने दुधाचे पैसे घेतले नाहीत आणि मला त्यावरून तिच्याशी भांडावं लागलं. आणि यंत्राच्या माहितीपत्रकात, जिथे शोधकर्त्याचं नाव असतं तिथे, ओवीने स्वतःच्या नावाखाली एक ओळ घातली: धुण्याची रीत, सुगलाबाई कोरे, बार्शी. सिद्धूने ते पान चौकटीत घालून खानावळीत लावलंय. मी नको म्हणत होते. फार जोर लावून म्हणत नव्हते.

हे झालं त्याला आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात ओवी मला बरोबर घेऊन सीमेजवळच्या एका ढाणीवर गेली, तिथले शिंपले बघायला. आम्ही कोण ते तिने सांगितलं नव्हतं. एका अंगणात सात-आठ बाया जाळ्या चिंचेत घालून बसल्या होत्या, झाकणांना कुंकवाची बोटं, प्रत्येकावर रानफुलांची माळ. मी म्हटलं, आज तर खंडेनवमी नाही. ओवी म्हणाली, माहितीपत्रकात फक्त दर तीन महिन्यांनी धुवा असं लिहिलंय, कुंकवाचं तिने कुठेच लिहिलेलं नाही. वाळवंटात आता वर्षाला चार खंडेनवम्या होतात म्हणायच्या.

मी एक जाळी उचलली आणि चोळायला लागले. तशी एक सत्तरीची म्हातारी, हातभर बांगड्या घातलेली, माझ्यावर खेकसली. अशी नाही घासत, म्हणाली, उलट्या हाताने, हलकं. तार तर लावायचीच नाही. आमच्या सासूने असंच शिकवलंय, आणि तिला तिच्या सासूने.

ओवी माझ्याकडे बघून ओठ चावत होती. त्या गावात शिंपला येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. पण म्हातारीच्या चुलीवर कुकर होता, आणि तिचं अर्धं लक्ष माझ्या हाताकडे, अर्धं तिकडे. तिसरी शिट्टी झाली तशी तिने बसल्या जागेवरून सुनेला ओरडून चुलीतली लाकडं मागे ओढायला सांगितली. मी जाळी खाली धरली आणि ती म्हणाली तशी, उलट्या हाताने घासायला लागले.